अर्गोनॉट जिवंत ठेवता येईल का? (शाळेची ४ फुटी टाकी, भंडारा जिल्हा)

गुरुजी_लाखांदूर

नमस्कार मंडळी. मी लाखांदूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे कोकणात गेलो होतो. तिथे ट्रॉलरवर काम करणाऱ्या एका काकांनी माझ्या मुलीच्या हातावर एक शंख ठेवला. पांढरा, कागदासारखा पातळ, दोन्ही अंगांनी लाटांसारख्या रेघा आणि पाठीच्या कडेला बारीक दातांची रांग. उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसतं. हे अर्गोनॉटचं घर आहे, ऑक्टोपसचाच भाऊबंद, असं काका म्हणाले.

शंख शाळेत नेला आणि तेव्हापासून पोरांनी पिच्छा पुरवला आहे. "सर, हा जिवंत कसा दिसते?" आमच्या पोरांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही. शाळेत ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचेची टाकी रिकामी पडून आहे. गावातून लोकवर्गणीचे २२ हजार जमले आहेत. म्हणून विचारतो:

अर्गोनॉट टाकीत ठेवता येतो का? तो नसेल जमत तर लहान ऑक्टोपस किंवा त्याच्याच नात्यातली कटलफिश जमेल का? शाळेच्या बोअरच्या पाण्यात मीठ घालून समुद्राचं पाणी तयार होतं का? आमच्याकडे लाईन दिवसातून दोन-तीन तास तरी जाते, हेही लक्षात घ्या.

रीफ_नागपूर

सर, मी नागपुरात पाच वर्षांपासून समुद्री टाकी चालवतो आहे, प्रवाळ आणि दोन-चार मासे. तुमचे २२ हजार पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरवरच खर्च होतील. एकदा मी लहान ऑक्टोपस आणला होता. तिसऱ्या रात्री फिल्टरच्या पायपासाठी झाकणात जे भोक होतं त्यातून तो बाहेर निघाला. सकाळी फरशीवर सापडला, वाळलेला. त्याच्या अंगात कडक म्हणावी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे चोच. चोच जिथून निघेल तिथून सगळा प्राणी निघतो. त्यानंतर मी पुन्हा आणला नाही. अर्गोनॉट मी कधी पाहिलेला नाही.

अकोल्याचा_गजू

राजेहो, त्यापेक्षा ऑक्टोपसच्याच नात्यातला नॉटिलस ठेवा ना. त्यालाही शंख असते, आणि शंख चांगला जाड असते म्हणतात.

बोडीकाठची

गुरुजी, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि तेव्हापासून तोच डोक्यात आहे.

मी साकोलीकडची, धिवराच्या घरची. बाबा माजी मालगुजारी तलावावर (आमच्याकडे त्याला मामा तलाव म्हणतात) जाळं टाकायचे. नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि मग सहा वर्षं दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर एका मत्स्यालयात नोकरी केली. माकूळ (म्हणजे स्क्विड), कटलफिश आणि ऑक्टोपस यांच्या टाक्या माझ्याकडे होत्या. आता गावी परत येऊन बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मत्स्यबीज वाढवून राहिली आहे. अर्गोनॉट माझ्या हाताखाली एकदाच आला, अकरा दिवसांसाठी. त्या अकरा दिवसांच्या भरवशावर सांगते: आणू नका.

एका ट्रॉलरवाल्याने निळ्या ड्रममध्ये घालून आणली होती. मादी होती. घर बांधते ती मादीच. नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा आणि बिनघराचा. तिचा शंख माझ्या तळहाताएवढा होता. मोठ्या जातीत हा शंख ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. ड्रममध्ये वाकून पाहिलं तर आधी शंख दिसेचना. वरच्या दोन भुजांना पडद्यासारखी पातळ कातडी असते, ती तिने दोन्ही बाजूंनी शंखावर ओढून घेतली होती. सगळं मिळून मिठाईवर चांदीचा वर्ख लावावा तसं चमकत होतं. माझी सावली पाण्यावर पडली आणि पडदे सर्रकन मागे गेले. मग आतून तुमच्या पोरांनी पाहिलेला तो पांढरा शंख उघडा पडला. गोगलगायीचा शंख तिच्या अंगाला जखडलेला असतो, हिचा तसा नसतो. ती फक्त त्याला धरून बसलेली असते.

तिला आम्ही दोन हजार लिटरच्या गोल टाकीत सोडलं. गोल का, तर उघड्या समुद्रातल्या प्राण्याला भिंत म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. माकूळ दचकली की पाण्याची पिचकारी मारून मागे सुटते, शेपटाकडचं टोक काचेवर आपटतं, कातडी फाटते आणि चार-पाच दिवसांत जखम सडते. म्हणून माकळींच्या टाकीला आतून काळ्या रेघा मारतात, म्हणजे त्यांना भिंत दिसते, आणि रात्री अगदी मंद दिवा चालू ठेवतात. दिवा एकदम लागला किंवा विझला की त्या बिथरतात. गोल टाकीत पाणी हळू फिरत ठेवलं तर प्राणी कडेपासून लांब राहतो. हे सगळं आम्ही केलं. तरी ती वरच तरंगत राहिली.

का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं, पुढे वाचून कळलं. २०१० साली ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जपानच्या समुद्रात अर्गोनॉट माद्या पाण्यात सोडून त्यांच्यासोबत डुबकी मारली. मादी पृष्ठभागावर येते, शंखाचं तोंड वर करून हवा आत घेते, भुजांनी ती कोंडते आणि पिचकारी मारत खाली जाते. खाली जाताना दाबाने हवा आकसते. १० मीटरवर तिचं आकारमान निम्मं होतं. कुठल्या तरी खोलीवर शंखातल्या हवेचा उचल आणि अंगाचं वजन अगदी बरोबरीला येतं. तिथे ती ना वर जाते ना खाली, आणि मग बळ न घालवता आडवी पोहते. आमच्या टाकीत पाणी होतं सव्वा मीटर. तेवढ्या पाण्यात ती हवा आकसणार कशी? ती खाली जायला जोर लावायची, हवा तिला बुचासारखी वर आणायची. दिवसभर हेच. शंखाची दातेरी कड काचेला लागून लागून तिसऱ्या दिवशी एका जागी तडकली. तुमची टाकी दीड फूट उंच आहे, गुरुजी.

खायला देताना मी चिमट्यात झिंग्याचं जिवंत पिल्लू धरून तिच्या भुजेला लावायची. पहिल्यांदा तिने ते सोडून दिलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा भुजेवरचा एक चोषक (चिकटणारी वाटी) चिकटला, मग दुसरा, मग ती भुज आत वळली. त्या दिवशी मी जेवायचं विसरले, एवढा आनंद झाला होता. समुद्रात ती पाण्यात तरंगणाऱ्या नाजूक गोगलगायी आणि जेलीफिश खाते, आणि तसलं खाणं कोण कुठून आणून देणार?

अकराव्या दिवशी सकाळी शंख तळाशी होता आणि ती वेगळी, कडेला, राखाडी पडलेली. शंखाच्या आत अंड्यांचे घोस चिकटलेले होते. तांदळाची कणी असते ना, तिच्याहून बारीक. ती आम्ही दुसऱ्या भांड्यात फिरत्या पाण्यात ठेवली. काही फुटली. पिल्लं डोळ्याला मुश्किलीने दिसतील एवढीशी, त्यांना घर नव्हतं, ते पुढे बांधायचं असतं. दोन दिवसांच्या वर एकही टिकलं नाही.

पोरांना सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. काचेच्या टाकीत पाण्याचे प्राणी ठेवून अभ्यास करायची रीत याच प्राण्यासाठी सुरू झाली. जान विलप्रो-पॉवर नावाची बाई, १७९४ साली फ्रान्समधल्या झुइयाक गावी जन्मलेली, चांभाराची मुलगी. पॅरिसला जाऊन शिवणकाम आणि भरतकाम केलं, मग लग्न करून सिसिलीत मेसिनाला राहिली. त्या काळी विद्वानांत मोठा वाद होता: अर्गोनॉट आपला शंख स्वतः करतो की संन्यासी खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावतो? शंख अंगाला जोडलेला नाही म्हणून बहुतेकांना तो चोरच वाटायचा. या बाईने १८३२ पासून मेसिनाच्या बंदरावर जिवंत अर्गोनॉट पाळले. काचेच्या टाक्या केल्या आणि समुद्रातच नांगरून ठेवायचे पिंजरेही केले. शंखाचा तुकडा मुद्दाम तोडला आणि पाहत बसली. मादीने भुजांच्या पडद्यांनी तो भाग पुन्हा भरून काढला. वादाचं उत्तर तिथे मिळालं. १८३८ मध्ये तिचा संग्रह आणि कागदपत्रं घेऊन निघालेलं जहाज बुडालं, तरी तिने पुढच्या वर्षी आपलं पुस्तक काढलं. अर्गोनॉटच्या नराचीही गंमत आहे. तो मादीला भेटला की आपली एक भुज तोडून तिच्यापाशी ठेवून जातो. क्युव्हियेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये ती भुज पाहिली आणि परजीवी जंत समजून तिला नावही देऊन टाकलं.

विलप्रो-पॉवर बाईकडे समुद्र दाराशी होता, म्हणून पाणी कायम ताजं. आपल्याकडे तेच नाही. इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते.

कटलफिश अर्गोनॉटपेक्षा पुष्कळ दणकट आहे. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी टाकीत तिची वीण घेतलेली आहे. पण तीही मासळीसारखी नाही. हे सगळे निव्वळ मांसाहारी, खाणं भरपूर, म्हणून पाण्यात अमोनियाही भरपूर सोडतात. तो पचवणारे जिवाणू टाकीत बसायलाच महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकी रिकामी चालवावी लागते आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय प्राणी सोडता येत नाही. क्षार दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास हवेत, आणि ते खालीवर झाले की माशाआधी हे मरतात.

आणि तांबं. यांचं रक्त निळं असतं कारण त्यात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं मात्र त्यांना विष. आमच्याकडे एका उन्हाळ्यात नवीन पाइपलाइन टाकली. बसवणाऱ्याने एका जागी प्लॅस्टिकऐवजी पितळी व्हॉल्व्ह लावला. मी नळाला हात लावून पाहिला असता तर कळलं असतं, पण तो टाकीच्या मागे, अंधारात होता. दोन दिवसांत सात कटलफिश गेल्या. आधी खाणं सोडलं, मग रंग बदलणं थांबलं. ज्या अंगावर क्षणाक्षणाला पट्टे धावायचे ते एकाच मातकट रंगावर अडकलं. त्याच पाण्यातले मासे ठणठणीत होते. मी अमोनिया मोजत राहिले, तो शून्यच यायचा, आणि मला काही उमगेना. व्हॉल्व्ह सापडला तेव्हा एकच शिल्लक होती. तीही संध्याकाळी गेली. तो दिवस मला आजही सलतो.

आता आपल्याकडचा मे महिना घ्या. ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ ला जातो आणि लाखांदूर तिथून किती लांब आहे? पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. त्यात लाईन गेली, पंप बंद, आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. कोण बसणार टाकीपाशी?

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर आपल्या भागात ते जड असतं, आणि पाइप-मोटरमधून त्यात काय उतरतं हे सांगता येत नाही. खाण्याचं मीठ म्हणजे समुद्राचं पाणी नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं. त्यासाठी टाकीचं खास मीठ येतं आणि ते आरओच्या पाण्यात मिसळतात. तुमच्या टाकीत अडीचशे लिटर पाणी मावेल, म्हणजे नऊ किलोच्या आसपास मीठ एका वेळी, आणि दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. पाणी आटलं तर गोडंच घालायचं, कारण आटतं ते पाणी, मीठ मागे राहतं.

गजूभाऊ, नॉटिलसचं नका काढू. त्याला थंड पाणी लागतं, १५-१८ अंश, आणि तो आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. जाड शंखाने इथे काही सोपं होत नाही.

रीफ_नागपूर

ताई, पितळी व्हॉल्व्हचं वाचून मी उठून माझ्या सगळ्या जोडण्या तपासल्या. एका नळीला पितळी क्लिप निघाली, काढून टाकली. माझ्या कोळंब्या मधूनमधून का मरायच्या हे आता कळलं. मी त्याला उगाच मिठाचा दोष देत होतो.

गुरुजी_लाखांदूर

ताई, दोनदा वाचलं. पोरांनाही अर्धं वाचून दाखवलं. अंड्यांच्या घोसांपर्यंत आलो आणि वर्ग एकदम शांत झाला. आणायचा विचार सोडला, मनापासून सोडला. पण पोरांना आता काय दाखवू? टाकी धुऊन, पुसून, खिडकीपाशी मांडून ठेवली आहे. रोज सकाळी दोघं-तिघं येऊन रिकाम्या टाकीत पाहून जातात.

बोडीकाठची

गुरुजी, टाकी रिकामी ठेवू नका.

पावसाळ्यात तुमच्या गावच्या बोडीत मोठी तपकिरी गोगलगाय मिळेल, लिंबाएवढी, शंखाच्या तोंडाला झाकण असलेली. दोनच आणा. बोडीचंच पाणी, तळाला बोडीचाच चिखल आणि मूठभर पाणवनस्पती. चिलर नको, मीठ नको. पाणी काचेच्या काठापासून वीतभर खाली ठेवा आणि वर जाळी घाला. मग पोरांना टाकीपाशी गप बसवा. गोगलगाय काचेवरून चढत पृष्ठभागाच्या जवळ येईल. डोक्याच्या डाव्या बाजूने कातडीची एक नळी लांब होईल, टोक पाण्याबाहेर येईल, आणि अंग आत-बाहेर हलत ती हवा भरून घेईल. तिला कल्लाही आहे आणि फुप्फुसही. अर्गोनॉट आणि ही एकाच मोठ्या कुळातल्या, मृदुकाय. दोघी हवा घ्यायला वर येतात, एक तरंगायला आणि एक श्वासाला. माझ्या भाच्याला हे दाखवलं तर तो शाळेची बस चुकेपर्यंत टाकीपुढून उठला नाही. अंडी ती पाण्यात घालत नाही, काठावर ओल्या मातीत घालते, पांढरी, साबुदाण्यासारखी. म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या वर येईल असा मातीचा उंचवटा करा. उन्हाळा लागला की दोघींना बोडीत परत सोडा. त्या चिखलात जाऊन झाकण लावून झोपतील.

दुसरं, आठवडी बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे समुद्रफेस मागा. दहा-वीस रुपयांत मिळेल. लोकांना तो समुद्राचा वाळलेला फेस वाटतो, पण ते कटलफिशच्या पाठीतलं घर आहे, आत वाहून नेलेलं. पोरांना तो पाण्यात टाकू द्या, तरंगेल. मग तो ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली ठेवा. एकावर एक पातळ मजले आणि मधे बारीक खांब दिसतील. त्या पोकळ्यांत वायू आणि पाणी कमीजास्त करून ती वर-खाली होते. अर्गोनॉट हवा बाहेरून भरते, हिने ती सोय अंगातच करून ठेवली आहे.

आणि एक काम तुमच्या शंखाचं. पोरांना तो हातात देताना दोन्ही तळव्यांवर द्या, कड धरू देऊ नका. खिडकीकडे तोंड करून उजेडात फिरवा आणि रेघा नीट पाहा. रेघ मधेच तुटली आहे का? कुठे तुकडा गढूळ, खडबडीत, नक्षी नसलेला आहे का? असेल तर तिथे घर कधीतरी फुटलं होतं आणि तिने ते सांधलं. मेसिनाच्या बाईने हेच पाहिलं होतं.

गुरुजी_लाखांदूर

ताई, आज तिसऱ्या तासाला पाहिलं. एकेकाला खिडकीपाशी बोलावलं. पंधरा-सोळा पोरांना काही दिसलं नाही, मलाही नाही. मग सातवीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाली, "सर, इथं ठिगळ आहे." तोंडाच्या कडेपासून दोन बोटं आत, नखाएवढा भाग. रेघा तिथे येऊन थांबतात, मधला तुकडा धुरकट, आणि पलीकडे रेघा पुन्हा सुरू होतात, जरा तिरक्या. तिची आई गोधड्या शिवते.

बोडीला पाणी आहे अजून. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गोगलगायी पाहायला जातो.